सातवी चाचणी

कुहमोच्या वाचनालयाचं तळघर. जानेवारी. बाहेर उणे सव्वीस.
टेबलावर पांढरी चादर, सिर्काच्या आईची.
सहांपैकी पाच त्या हिवाळ्यात फाडून
शिपायांचे अंगरखे झाल्या, बर्फात बर्फ दिसावेत म्हणून.
ही सहावी.
चादरीखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या,
बाटल्या घासायचे ब्रश कापून केलेलं रान,
आणि मधून एकच रस्ता, चार बोटं रुंद.

रस्त्यावर तांडा: अडतीस शिपाई, नऊ घोडे, पाच ट्रक,
एक तोफ, एक चुलीची गाडी. शिशाचे सगळे,
घोडा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.
रानात आम्ही, दबा धरून.
म्हणजे चादरीवर काहीच नाही,
माझ्या वहीत पेन्सिलीच्या फुल्या.

सहा वेळा खेळून पाहिलं.
सहाही वेळा चौथ्या फेरीत पुढचा ट्रक पेटला,
पाचव्या फेरीत मागचा,
मग उरली ती मोजदाद.
वेइक्का म्हणतो, असंच होतं.
त्यानं एकतीस हिवाळे बर्फ ढकलायची गाडी चालवली,
रस्ता कुठे तुंबतो ते त्याच्या मनगटाला कळतं.
"दोन्ही तोंडं बंद झाली की मधला माणूस काय करणार?
वाट बघणार."

खरं असेल. पण वाट बघणं म्हणजे डाव नव्हे.
तांडा ज्याच्याकडे, तो लिंबूटिंबू.
फासे टाकायचे, माणसं उचलायची, डबीत ठेवायची,
डबीचं झाकण लावायचं.

आज राज्य आर्सेनीवर.
सतरा वर्षांचा. त्याची आजी अजून सीमेपलीकडे,
रविवारी फोन लागला तर लागतो.
तांडा घेतोस का, असं मी त्याला विचारलंच नव्हतं,
हे मला तिसऱ्या फेरीत सुचलं.
तोवर त्यानं चुलीची गाडी उचलून
दिव्यापाशी धरली होती. "ही काय करते?"
"काही नाही. शोभेची आहे."
"पेटवता येईल?"

सिर्कानं नियमांची पानं चाळली.
अकरावा नियम, थंडी: दर दोन फेऱ्यांना फासा,
एक पडला तर ती तुकडी गोठली.
चुलीबद्दल अक्षर नाही. मीच लिहिलेले नियम.
"पेटवतो मग. धूर दिसेल तुम्हाला. चालेल."
"असं कुणी करत नाही," वेइक्का म्हणाला,
"वेढ्यात बसून धूर?"
"भूक लागते ना," आर्सेनी म्हणाला,
आणि कापसाचा बोळा चुलीवर ठेवला.

चौथी फेरी गेली. सहावी गेली.
चुलीभोवती वीतभर जागेत त्यानं चार तुकड्या दाटीवाटीनं उभ्या केल्या.
वेइक्काला धुरावर नेम धरायला एक गुण जास्त,
तो मारत राहिला, माणसं पडत राहिली,
पण गोठलं कुणी नाही.
आठव्या फेरीला माझ्या फुल्या पहिल्यांदा हलल्या.
खोडरबर घेऊन मी स्वतःच्याच रानात
वाकून वाट शोधत होतो,
आणि चष्म्यावर वाफ.

अकराव्या फेरीत तांडा संपला. संपायचाच होता.
दोन तुकड्या मात्र एक घोडा ओढत तळ्यावर उतरल्या
आणि काठापर्यंत पोचल्या.
"यापुढे काय?" त्यानं विचारलं.
"यापुढे चादर नाही," सिर्का म्हणाली,
"कॉफी आहे."

मी 'शोभेची' खोडलं. लिहिलं:
अकरा-ब, चूल. पेटवायची की नाही, तांड्यानं ठरवावं.
वेइक्काला अजून पटलेलं नाही.
कोट चढवून तो दारात उभा राहून मोठ्यानं नाही नाही म्हणत होता.

डबी भरताना आठच घोडे.
चादर झटकली, पुस्तकं हलवली,
सिर्कानं गुडघे धरत टेबलाखालीसुद्धा पाहिलं.
आर्सेनी केव्हाच बससाठी निघून गेला होता,
दोन्ही हात खिशात घालून.
मी वहीत नऊचे आठ केले.
पुढच्या वेळी आठांवर खेळून पाहू.